वीतभर खाली

३ फेब्रुवारी

लंबू,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, ते खोडलं. चार वर्षं एकमेकांशी बोललो नाही आणि आता एकदम आशीर्वाद, तेही अनेक, हे जरा अतीच झालं असतं. खोडलेलं तुला दिसेलच. कागद बदलायचा कंटाळा केला.

पत्राचं कारण तसं किरकोळ आहे. मे अखेरीस मी निवृत्त होतोय आणि विद्यापीठाला आपल्या जॅझ बँडची खोली त्याआधी रिकामी करून हवी आहे. एकतीस वर्षांचा पसारा आहे. काल दिवसभर मी आणि यंदाचा ड्रमवाला मिळून कपाटं उपसत होतो. फाटक्या फायली, सॅक्सोफोनच्या चिरलेल्या पट्ट्या, आणि एकाच पायाचा काळा बूट. तो बूट कुणाचा, आणि तो माणूस कार्यक्रमानंतर दुसऱ्या पायावर लंगडत घरी गेला की काय, यावर चर्चा करण्यात आमचा अर्धा तास गेला.

ट्रॉम्बोनच्या कपाटामागे तुझा रबरी कप सापडला. मोरी तुंबली की दाबून मोकळी करतात, तो. दांडा तूच काढून टाकला होतास. ट्रॉम्बोनच्या तोंडावर असा कप धरून उघडझाप केली की वाद्य माणसासारखं कुरकुरायला लागतं, हे मी तुला सांगितलं ही माझीच चूक. दुकानातून नवा आणायचा सोडून तू घरातलाच पळवलास. मग मोरी तुंबली, आई तीन दिवस कप शोधत होती आणि मी सगळं माहीत असून तिच्याबरोबर शोधत होतो.

कप अजून चांगला आहे. पाठवू का, एवढंच विचारायचं होतं.

आता लिहायलाच बसलोय तर आणखी एक. आई म्हणते, समोरच्याला माहीत असलेलं मी पुन्हा पहिल्यापासून सांगतो. मास्तरांची खोड आहे, चालवून घे. आपल्या बँडची पद्धत अशी की शेवटच्या गाण्यात एकट्याने कोण वाजवणार हे आधी ठरवायचं नाही. मी बोट दाखवीन त्याने उठायचं आणि एक आवर्तन त्याचं. तुझ्या शेवटच्या कार्यक्रमात तू अर्धी उठली होतीस, आणि तुझ्या बरोब्बर पुढे बसलेला सॅक्सोफोनवाला उभा राहून वाजवायला लागला. तू खाली बसलीस. कार्यक्रम संपल्यावर ट्रॉम्बोन पेटीत घातलास, पेटी माझ्या टेबलावर ठेवलीस आणि आठवड्याच्या आत त्या लांबच्या गावी, दातांच्या कवळ्या बनवायच्या नोकरीवर निघून गेलीस. तेव्हापासून रविवारी तुझा फोन येतो तो आईला. "घरी सगळे ठीक ना?" असं तू विचारतेस. घरी आम्ही दोघंच, आणि तिच्याशी तर तू बोलतच असतेस, तेव्हा 'सगळे' म्हणजे मीच असं आईचं म्हणणं आहे.

तर त्या दिवशी झालं असं की समोरच्या दिव्याचा झोत थेट माझ्या डोळ्यांवर होता. मागची रांग मला नीट दिसतच नव्हती. बोट कुणाच्या दिशेने गेलं हे माझं मलाच कळलं नाही. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, राहून गेलं.

कपाचं कळव.

बाबा

१९ फेब्रुवारी

लंबू,

तुझं कार्ड मिळालं. आईने ते पोस्टातून स्वतः घरी आणलं. तिच्या खिडकीपुढून रोज शेकडो पत्रं जातात, पण हे तिने पर्समध्ये घालून आणलं, माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. कार्ड उघडंच असतं, म्हणजे तिने ते वाचलेलं होतं. स्वयंपाकघरात तिचं काहीही काम नव्हतं.

कार्डावर दोनच वाक्यं. 'दिवा समोर नव्हता, वर होता. तुम्हीच हलवून घेतला होता.'

खरं आहे. आदल्या दिवशी विजेच्या माणसाशी वाद घालून मीच तो दिवा वरच्या नळीवर चढवायला लावला होता, आणि खाली शिडी धरून तू उभी होतीस. खोटं बोलायचं तर निदान शिडी कुणी धरली होती हे तरी माणसाला आठवायला हवं.

'तुम्ही' वाचून जरा थांबलो. घरी बाबा आणि तू, बँडमध्ये सर आणि तुम्ही, हा नियम माझाच. पहिल्या वर्षी तालमीत तू "बाबा, जरा हळू घे ना" म्हणालीस आणि सगळा बँड हसला, त्या दिवशी मी तो केला. आता कार्डावर तू मला बँडमध्येच ठेवलंस. तक्रार नाही, नियम नियम आहे.

दिवा नव्हता. मग काय होतं, तर लोक होते. तीन वर्षं तू मागच्या रांगेत बसलीस आणि तीन वर्षं मी तुझ्याकडे बोट दाखवलं नाही. ज्या दिवशी दाखवलं असतं त्या दिवशी सगळे म्हणाले असते, मास्तरांनी घरचीच मुलगी पुढे काढली. विभागप्रमुख बाईंनी तर पहिल्याच महिन्यात चहा पिता पिता विचारलं होतं, "तुमच्या मुलीची निवड कुणी केली?" मी केली होती. पडद्याआडून ऐकून केली होती, सगळ्यांची तशीच करतो. पण वाजवायच्या आधी तू खाकरतेस ते मला पडद्याआडूनही ओळखू येतं, त्याला मी काय करू?

म्हणून मी तुला इतरांपेक्षा कडक वागवलं. कुणाचाही सूर हलला तरी पहिली नजर तुझ्याकडे टाकायचो. बाकीच्यांना दहा मिनिटं उशीर झाला तर चालायचा, तुला दोन मिनिटांवरून बोललो होतो, आणि आपण दोघं एकाच बसने आलो होतो. बसमध्ये शेजारी बसून आलेल्या मुलीला मी सगळ्यांसमोर विचारलं, "इतका वेळ कुठे होतात?" तू म्हणालीस, "बसमध्ये, सर." तेव्हाही सगळे हसले होते. मी नव्हतो हसलो. आता या वयात ते आठवून एकटाच हसतो आणि मग हसू थांबतं.

तर हे कारण होतं. म्हणजे खोटं नाही.

कपाचं तू काही लिहिलं नाहीस.

बाबा

१२ मार्च

लंबू,

कार्ड आलं नाही. मी काही वाट पाहत नव्हतो. आई म्हणते, ती कामावरून आली की तिची पर्स मी जागेवर नेऊन ठेवतो, लग्नाला इतकी वर्षं झाली पण पूर्वी कधी ठेवली नव्हती.

यंदा तुझ्या खुर्चीवर एक मुलगी बसते. मागचा डावा पाय आखूड असलेली, तीच खुर्ची. मुलीला सगळे कुजबुज म्हणतात, कारण ती बोलते ते शेजारच्यालाही ऐकू जात नाही. औषधांचं शिकते. ट्रॉम्बोनही हळूच वाजवते, पण त्या हळू वाजवण्यात प्रत्येक सूर जागच्या जागी असतो. हात चांगला लांब आहे तिचा. स्लाईड, म्हणजे ट्रॉम्बोनची सरकती नळी, पूर्ण बाहेर ढकलायला तुझा हात पुरायचा नाही, म्हणून तू तिच्या टोकाला नाडी बांधली होतीस, आणि म्हणूनच बँडने तुझं नाव लंबू ठेवलं, हे मी नव्या मुलांना दर वर्षी सांगतो. नाडीची कल्पना त्यांना फार आवडते.

परवा कुजबुजचे वडील भेटायला आले. चौकात त्यांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. बोटांना तेल लागलेलं होतं म्हणून हात पुढे केला नाही, नुसती मान हलवली. खुर्ची दिली तर टोकावर बसले.

"सर, पुढच्या महिन्यात तुमचा कार्यक्रम आहे," ते म्हणाले. "शेवटच्या गाण्यात तुम्ही बोट दाखवता म्हणे."

"दाखवतो."

"पोरगी घरी म्हणाली, सरांनी बोट दाखवलं आणि नीट वाजलं, तर औषधांचं सोडून देणार. हेच करणार."

मी टेबलावरचे कागद सारखे करत बसलो.

"मी नको म्हटलं तर ऐकायची नाही. वर माझ्याशी बोलणं टाकेल. पण तुम्ही बोट दाखवलंच नाहीत, तर तिचं तिलाच वाटेल की आपल्यात तेवढं नाही. कुणी नको म्हणालं असं होतच नाही त्यात. कुणाचा राग यायचा प्रश्न नाही." मग म्हणाले, "तुम्हाला मुलगी आहे ना, सर? तुम्हाला कळेल."

मला कळलं, लंबू. त्यांना वाटलं त्याहून जास्त कळलं.

तुझ्या त्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तू स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पाव खात होतीस. आई कामावर गेली होती. मी बुटांना पॉलिश करत होतो. तू म्हणालीस, "बाबा, आज तू मला दाखवलंस आणि माझं नीट झालं ना, तर मी ती कवळ्यांची नोकरी घेणार नाही. मी तुझ्यासारखं वाजवणार." मी म्हणालो, "हा बूट बघ कसा चकाकतोय."

तुझ्यासारखं, म्हणालीस. माझ्यासारखं म्हणजे काय, ते तुला माहीत नव्हतं, कारण मी कधी सांगितलं नाही. विद्यापीठात लागण्याआधी अकरा वर्षं मी हॉटेलांत वाजवलं. लोक आमच्याकडे पाठ करून जेवायचे. चमच्यांचा आवाज आमच्यापेक्षा मोठा असला की मालक खूश, आमचा मोठा झाला की माणूस पाठवून सांगायचा, जरा हळू घ्या. एकदा माझं इतकं चांगलं वाजलं, आयुष्यात पुन्हा तसं वाजलं नाही, आणि संपल्यावर पुढच्या टेबलावरच्या बाईंनी मला हात केला. मी जवळ गेलो. त्यांना मीठ हवं होतं. विद्यापीठात लागल्यावरही पैशांसाठी बाहेर वाजवावं लागायचं, तू झालीस तेव्हा मी दुसऱ्या गावी कुणाच्या तरी लग्नात वाजवत होतो. तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू पाच दिवसांची होतीस आणि मला बघून रडलीस. मला वाटलं, हे तुला नको. तुझ्या हातात कसब आहे, कवळ्या कर. लोक तुझ्यामुळे जेवतील, तुझ्याकडे पाठ करून नाही.

म्हणून आता नीट लिहितो. शेवटच्या गाण्यात माझं बोट तुझ्याकडेच गेलं होतं. तू उठायला लागलीस. तुझा चेहरा असा फुलला की मला सकाळचं तुझं बोलणं आठवलं, आणि मी बोट वीतभर खाली आणलं. ट्रॉम्बोनच्या रांगेवरून सॅक्सोफोनच्या रांगेवर यायला वीतभर पुरतं. दिवा नव्हता आणि लोकही नव्हते. तुझं पुढचं आयुष्य मी तुला न विचारता ठरवलं, आणि तोंडाने सांगायची हिंमत नव्हती म्हणून बोटाने सांगितलं.

माझं चुकलं.

किल्लीवाल्यांना मी म्हणालो, "बघतो."

बाबा

२१ मार्च

लंबू,

मागच्या पत्रात एक दुरुस्ती. किल्लीवाल्यांना मी "बघतो" म्हणालो असं लिहिलं. मी "बरं" म्हणालो होतो. शब्द दिला. त्यांना इतकं हायसं वाटलं की जाताना बँडच्या खोलीचं अडकणारं कुलूप त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त करून दिलं, आणि मी ते करू दिलं.

रविवारी तू आईला विचारलंस, "त्या मुलीचं काय ठरलं?" मी शेजारीच बसलो होतो. आई म्हणाली, "त्यांनाच विचार की," आणि फोन माझ्याकडे करायला लागली, तेवढ्यात तू ठेवलास. असू दे. पत्रं वाचतेस हे कळलं.

कार्यक्रम पाच एप्रिलला, दुपारी चार वाजता.

बाबा

७ एप्रिल

लंबू,

क्रमाने सांगतो. तुला आधी शेवट वाचायची सवय आहे, आज तेवढं करू नकोस.

सभागृह भरलं होतं. आईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, ती तिसऱ्या रांगेत. किल्लीवाले दाराजवळ, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. हात स्वच्छ घासलेले होते. मला पाहून त्यांनी मान हलवली, एकमेकांचं ठरलेलं असलं की हलवतो तशी.

पहिली पाच गाणी बरी झाली. तिसऱ्यात ट्रम्पेटवाल्यांनी घाई केली, ते दर वर्षी करतात, तो आता त्या खुर्च्यांचाच गुण म्हणायचा. मध्ये मुलांनी मला फुलं दिली आणि तो एका पायाचा बूट पॉलिश करून, खोक्यात घालून, रिबीन बांधून दिला. मी भाषण तयार केलं होतं. बूट पाहिल्यावर त्यातलं काही आठवेना, नुसतं "जोडी सापडली तर कळवा" म्हणालो आणि पुन्हा बँडकडे वळलो.

मग शेवटचं गाणं. तेच संथ, तुझ्या वेळचं. सगळ्यांचं मिळून झालं आणि फक्त पियानो, डबल बेस आणि ड्रम चालू राहिले. सगळा बँड माझ्या हाताकडे बघत होता. ती वेळ कशी असते ते तुला माहीत आहे. कुणाला दाखवायचं ते तोपर्यंत मला ठाऊक नव्हतं असं लिहिलं तर छान वाटेल, पण ते पुन्हा दिव्यासारखं होईल. मला सकाळी बुटांना पॉलिश करतानाच ठाऊक होतं.

मी कुजबुजकडे बोट दाखवलं.

ती उठली नाही. तिने पुढच्या सॅक्सोफोनवाल्याकडे पाहिलं. त्याला वाटलं आपणच, तो अर्धा उठला. मी त्याला मानेने नको म्हणालो, तो बसला. मी बोट आणखी वर केलं, तर ती वळून मागे भिंतीकडे बघायला लागली. भिंतीपाशी कुणी नव्हतं. इकडे आवर्तन रिकामंच निघून चाललं होतं आणि पियानोवाला माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. एकतीस वर्षांत माझं बोट कुणाला कळलं नाही असं झालं नव्हतं. तिला ते आपलं वाटेचना.

मग मी जागा सोडली. बँडपुढे उभ्या राहिलेल्या माणसाने काहीही झालं तरी जागा सोडायची नाही, हे मी दर वर्षी मुलांना शिकवतो. सॅक्सोफोनवाल्यांचे पाय चुकवत आणि कागद ठेवायचा एक स्टँड पाडत मागच्या रांगेत गेलो आणि वाकून तिला म्हणालो, "तुलाच दाखवतोय."

"मला?" ती म्हणाली. तिचं बोलणं मला एका फटक्यात ऐकू आलं, असं पहिल्यांदाच झालं.

ती उभी राहिली. मी ड्रमवाल्याला हात गोल फिरवून दाखवला, म्हणजे आवर्तन पुन्हा पहिल्यापासून घ्या. आणि तिच्या उभं राहण्याने माझी परतीची वाट अडली, म्हणून मी तिच्या खुर्चीत बसलो. तुझ्या खुर्चीत.

तिचा पहिला सूर फुटला. चांगलाच फुटला, झाकण्यासारखा नव्हता. ती थांबली. मला वाटलं, संपलं, मीच तिला खड्ड्यात घातलं. मग तिने तोच सूर पुन्हा घेतला, ती बोलते तेवढ्याच आवाजात. ड्रमवाल्याने काठ्या ठेवून हळू आवाजासाठीचे तारांचे ब्रश उचलले. तिने फार काही केलं नाही, लंबू. चार-पाच सुरांतच फिरत राहिली, पण प्रत्येक फेरीला थांबायची जागा वेगळी होती, आणि ती थांबली की पुढे काय म्हणते यासाठी लोक खुर्चीत पुढे सरकत होते. कुणी खोकलं नाही. कुणाला मीठ नको होतं. आवर्तन संपल्यावर ती बसायला वळली तर खुर्चीत मी. मग बिचारीने आणखी एक वाजवलं. ते पहिल्यापेक्षा चांगलं झालं.

त्या दुसऱ्या आवर्तनात मी समोर पाहिलं. एकतीस वर्षांत त्या खुर्चीत मी कधी बसलो नव्हतो. ती डावीकडे कलते अशी तुम्ही पोरं तक्रार करायचात आणि मी म्हणायचो, ताठ बसा. ताठ बसूनही कलते. तिथून माझी जागा दिसते. दिवा बरोबर तिच्यावर आहे, आपण चढवून घेतला तिथेच. मी स्टँडवर वाचायचा चष्मा विसरलो होतो, त्याच्या तुटक्या काडीला आईने गुंडाळलेला दोरा मला मागच्या रांगेतून दिसत होता. मग तिथे उभ्या असलेल्या माणसाचं बोट वीतभर खाली आलं तर ते दिसणारच. नुसतं बोट नाही, चेहराही दिसणार.

चार वर्षं मी मनाची एवढीच समजूत घालत होतो की तुला बोट दिसलं असेल, चेहरा दिसला नसेल. तुला वाटलं असेल, बाबा गोंधळला. पण तुला सगळं दिसलं होतं. मी मुद्दाम केलं हे तुला तिथल्या तिथे कळलं होतं, आणि तरी तू ट्रॉम्बोन उचलून सगळ्यांबरोबर गाणं शेवटपर्यंत वाजवलंस. एक सूरही हलला नाही. मला आठवतं, कारण त्या दिवशी मी फक्त तुझंच ऐकत होतो. सॅक्सोफोनवाल्याने काय वाजवलं ते मी आजही सांगू शकणार नाही.

मी तिथे बसून रडलो. मागची रांग आहे, शेजारचे दोघे ट्रॉम्बोनवाले सोडले तर कुणाला दिसलं नसेल असं वाटलं होतं. आईला दिसलं म्हणे.

कार्यक्रमानंतर किल्लीवाले आले. "सर, तुम्ही बरं म्हणाला होतात."

"हो. शब्द मोडला," मी म्हणालो. "तुम्हाला मुलीला जे सांगायचं ते तुम्ही सांगा. माझ्या बोटाने नको. मी एकदा तसं सांगून बसलोय."

त्यांनी मागच्या रांगेतल्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती मध्ये मध्ये थांबत होती, ते तुम्ही शिकवलंत?"

"नाही."

"मग कुणी?"

"कुणीच नाही. तिचंच आहे."

त्यांनी तिची ट्रॉम्बोनची पेटी उचलली आणि दाराशी जाऊन तिची वाट बघत उभे राहिले. रागावले होते का, मला सांगता येणार नाही. ती औषधांचं सोडेल की नाही, तेही माहीत नाही. तिचं ती ठरवेल.

तुझं आवर्तन मला परत देता येणार नाही. गेलं ते गेलं, आणि ते मी घालवलं. माफ कर म्हणून पत्रातून गळ घालणार नाही, तेही एक तऱ्हेने तुझ्या वतीने ठरवल्यासारखंच होईल. तुला त्या खुर्चीतून जे दिसलं ते खरं होतं, एवढं तुला लिहून द्यायचं होतं.

तुझा ट्रॉम्बोन मी दर महिन्याला पुसतो आणि स्लाईडला तेल देतो. वाजवत मात्र नाही, तो तुझा आहे. मला तुझी फार आठवण येते, लंबू. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं, मी मोरीच्या कपाबद्दल लिहीत बसलो.

बाबा

२२ एप्रिल

लंबू,

या वेळी आईने कार्ड पर्समध्ये घातलं नाही. रस्ताभर हातात धरून आणलं.

'कप पोस्टात हरवेल. ट्रॉम्बोन तर मावणारच नाही. दोन्ही तू घेऊन ये.'

पहिल्या वाक्यावर आई चिडली आहे. सव्वीस वर्षांत तिच्या खिडकीवरून गेलेलं एक पाकीट हरवलेलं नाही, असं तुला कळवायला सांगितलंय. एवढं बोलून तिने स्टूल घेतलं आणि माळ्यावरून माझी बॅग काढली. मी अजून कार्ड तिसऱ्यांदा वाचत होतो.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो, दुपारी दोन वीसला तुझ्याकडे पोचतो. सातवा डबा. कप मी दोनदा धुतला, मग माझ्या धुण्यावर विश्वास नाही म्हणून आईने गरम पाण्याने तिसऱ्यांदा धुतला. नाडी पेटीतच आहे, मी काढली नाही. आता हात पुरत असला तर काढून टाक.

तू वाजवणार आहेस का, कुठे, किती, हे मी विचारणार नाही. कप घेऊन तू मोरीलाच वापरलास तरी चालेल.

एकच काळजी आहे. चार वर्षांत माझे केस गेलेत आणि मी जरा वाकलोय, आणि शनिवारी तुझ्या स्टेशनवर गर्दी असते असं आई म्हणते. तर मी गाडीच्या दारातच उभा राहीन, आणि तू दिसलीस की बोट दाखवीन.

मागे वळून बघू नकोस, तुलाच दाखवत असेन. तू जागेवर थांब. मी तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर ते खाली येणार नाही.

बाबा